पाचव्या शीलाचा खोकला

भोसरीच्या त्या वस्तीत लग्न असो, बारसं असो, की नव्या खोलीत बिऱ्हाड लागणं असो, पंचशील म्हणायला साहेबराव लागायचाच. कारण एकच, आवाज. दिवसभर गिअरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून लोखंडाचा कीस नाकातोंडात जायचा, तरी संध्याकाळी त्याचा आवाज धुतलेल्या पितळी तांब्यासारखा निघायचा. लाऊडस्पीकरवाला त्याला पाहिलं की कर्णा जरा लांब नेऊन टांगायचा.

पद्धत अशी, की साहेबरावानं एकेक शील म्हणायचं आणि त्याच्यामागून सगळ्या मांडवानं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, खोटं बोलणार नाही. चारही शीलं खणखणीत जायची. पाचवं दारूचं. तिथं आलं की साहेबरावाला खोकला यायचा.

खोकला काही मोठा नसे. मूठ तोंडाशी न्यायची, मान डावीकडे वळवायची आणि दोनदा खोकायचं. मग पाचवं शील खालच्या पट्टीत, उतार लागलेल्या सायकलीसारखं सुटायचं आणि संपायचं. पहिल्यांदा तो खोकला खरा होता की कसं, हे आता खुद्द साहेबरावालाही सांगता आलं नसतं. एवढं आठवत होतं, की त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात तो थोडी घेऊन उभा राहिला होता, आणि माइकमधून वास जाईल अशी त्याला भीती वाटली होती. माइकमधून वास जात नाही हे त्याला माहीत होतं. पण खात्री नव्हती.

वस्तीला सगळं ठाऊक होतं. वस्तीनं कधी एक शब्द काढला नाही. उलट वर्षानुवर्षं साहेबरावामागून म्हणून म्हणून लोकांना चौथ्या शीलानंतर थांबायची सवय झाली, आणि लहान पोरांना तर तो विधीचाच भाग वाटू लागला. नीला, साहेबरावाची एकुलती एक मुलगी, बालवाडीत असताना बुद्धजयंतीला माइकपुढे उभी राहिली. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या. चार शीलं म्हणाली. मग मूठ तोंडाशी नेली, मान डावीकडे वळवली, दोनदा खोकली आणि पाचवं म्हणाली.

मांडव हसला. साहेबरावही हसला, सगळ्यांच्या आधी. घरी आल्यावर त्यानं तोंड धुतलं. परत धुतलं. बायको भिमाबाईनं विचारलं, "काय लागलंय एवढं?"

"गुलाल," साहेबराव म्हणाला.

बुद्धजयंतीला गुलाल नसतो. भिमाबाईनं टॉवेल दिला.

त्या घरात आणखी एक वस्तू होती, जिच्याकडे पाठ करून साहेबराव जेवायला बसे. त्याचा बाप भिवा. म्हणजे बाप आता नव्हता, त्याची बाटली होती. छप्पन्न साली भिवा तरण्या साहेबरावाला घेऊन नागपूरला गेला, दीक्षा घेतली, परत आला आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. बाटली मात्र फोडली नाही. काटकसरी माणूस. धुतली, आणि तिच्यात रॉकेल भरून ठेवलं. पंचवीसेक वर्षं झाली तरी स्टोव्हशेजारी ती बाटली रॉकेल घेऊन उभी होती. बापानं जाताना शेत ठेवलं नाही की घर ठेवलं नाही, ही एक बाटली ठेवली, आणि ती रोज तोंडावर झाकण लावून साहेबरावाकडे बघायची.

नीलाचं लग्न चिंचवडला ठरलं. मुलगा शिकलेला, माणसं शिस्तीची. बोलणी चालली असताना व्याही म्हणाले, "शीलं आमचे मारुतराव म्हणतील. रीतसर बौद्धाचार्य आहेत." त्यावर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना राग आला. आमचा साहेबराव असताना बाहेरचा माणूस कशाला? व्याही समंजस होते. ठीक म्हणाले.

पाहुणे गेले. नीला कपबशा विसळत होती. विसळता विसळताच म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात खोकायचं नाही."

"खोकला काय सांगून येतो व्हय?"

"तुमचा येतो. चौथ्यानंतर."

भिमाबाई भाकरी थापत होती. तिनं थापायचा जोर वाढवला, म्हणजे आपल्याला काही ऐकू येत नाही असं दोघांना वाटावं.

"खोकणार असाल तर आत्ताच सांगा," नीला म्हणाली. "मारुतरावांनाच म्हणू दे. मग तुम्ही पुढच्या खुर्चीवर बसून खुशाल खोका."

ती हे रागानं म्हणाली असती तर साहेबरावाला सोपं गेलं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती कपबशी पुसत म्हणाली. त्या माणसाला लेथवर चार जणांचं काम एकट्यानं करता येई, पण पोरीच्या तोंडाकडे बघता आलं नाही. "बघू," म्हणाला आणि उठला.

आधी त्यानं सुचलं ते केलं, म्हणजे केमिस्टकडे गेला. खोकल्याचं औषध मागितलं. बाटलीवर बारीक अक्षरांत अल्कोहोल असं छापलेलं होतं. औषध त्यानं नेमानं आणि जरा जास्तच नेमानं घेतलं. बाटली लगेच संपली. खोकला जागेवर.

मग एका दुपारी कारखान्यामागं, भंगाराच्या ढिगाशी उभं राहून त्यानं एकट्यानंच म्हणून पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं, माइक नव्हता, त्या दिवशी घेतलेलीही नव्हती. चार शीलं भंगारावरून पार कुंपणापर्यंत गेली. पाचव्याला गळा बंद. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की खोकला घशात नाही, आणि जिथं आहे तिथलं औषध केमिस्टकडे मिळत नाही.

आता हा माणूस सल्ल्याला कुणाकडे गेला असेल? सरूबाईकडे. सरूबाईची नाल्याकाठी चहाची टपरी होती आणि टपरीमागं हातभट्टीची दारू होती. चहा ती कायद्यासाठी विकायची.

"सरूबाई, सोडायची म्हणतो," साहेबराव म्हणाला.

"सोडा की. मी धरून ठेवलंय व्हय तुमास्नी?"

"सुटत न्हाई."

सरूबाईनं ग्लास पुसायचा थांबवला. "आकुर्डीला एक मंडळी जमत्यात. गुरवारी सांजच्याला, नगरपालिकेच्या शाळेत. सोडलेली आन सोडू बघणारी. माजी चार-पाच गिऱ्हाइकं तिकडं गेली, ती काय परत आली न्हाईत. एक आला, पर त्यो छत्री इसरला व्हता."

"काय करत्यात तिथं?"

"मला काय ठावं? बोलत्यात म्हनं."

"नुसतं बोलून?"

"हितं बी नुसतं पिऊनच व्हतंय न्हवं समदं?" सरूबाई म्हणाली. मग इकडंतिकडं बघून हळूच, "मी सांगितलं म्हून सांगू नका. धंद्याला बरं दिसत न्हाई."

गुरुवार सोयीचा होता. गुरुवारी कारखान्यांची वीज तोडलेली, म्हणून सगळ्यांना सुट्टी. साहेबरावानं घरी सांगितलं, "ओव्हरटाइम हाय." सुट्टीच्या दिवशी, कारखान्याला वीज नसताना कसला ओव्हरटाइम, हे भिमाबाईनं विचारलं नाही. प्यायला जाताना तो हेच सांगायचा. वर्षानुवर्षं एकच थाप वापरल्यावर खरं काम निघालं तेव्हा सांगायला त्याच्याकडे दुसरं काहीच शिल्लक नव्हतं.

बसमधून तो आकुर्डीला उतरला आणि चोरासारखा शाळेकडे निघाला. गंमत बघा, सरूबाईच्या टपरीत तो भरदिवसा, चारचौघांत, कॉलर ताठ करून शिरायचा. दारू पिताना कुणी पाहिलं तर चालत होतं. दारू सोडताना कुणी पाहिलं असतं तर मात्र अब्रू गेली असती.

शाळेत दोन खोल्यांत दिवे होते. पहिल्या खोलीच्या दारात ओळखीचा कुणी नाही असं बघून तो पटकन आत घुसला आणि बाकावर बसला. बाकं पहिलीच्या पोरांची. गुडघे छातीला लागले. आजूबाजूला त्याच्याच वयाचे सात-आठ बाप्ये आणि दोन म्हाताऱ्या तशाच गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. सगळ्यांच्या माना खाली. साहेबरावाला हायसं वाटलं. आपलीच माणसं.

मग एक चष्मेवाल्या बाई आल्या आणि त्यांनी त्याच्या हातात पाटी दिली.

सरकारनं त्या सुमारास देशातल्या सगळ्या प्रौढांना साक्षर करायचं मनावर घेतलं होतं, आणि हा त्याचा वर्ग होता. बाईंचं नाव सुहासिनीबाई. त्यांनी विचारलं, "नवीन ना? लिहिता-वाचता येत नाही?"

साहेबराव सातवी पास होता. रोजचा पेपर पहिल्या पानापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचायचा. पण "मी दारू सोडायला आलोय" असं सगळ्यांदेखत म्हणायचं की मान हलवायची? त्यानं मान हलवली. वर्गात अडाणी ठरणं सोपं होतं. आणि मान हलवताच त्याच्या मनात आलं, की हे चौथं शील मोडलं. पाचव्यासाठी आलो आणि चौथंही घालवून बसलो.

असे दोन-तीन गुरुवार गेले. साहेबराव इमानेइतबारे 'अ' गिरवायचा. शेजारच्या खोलीतून मधून मधून बोलण्याचा, एखाद्या वेळी हसण्याचा आवाज यायचा. तो कान तिकडे लावून 'आ'ला काना द्यायचा. मुद्दाम वाकडा काढायचा, तरी बाई म्हणायच्या, "बघा, यांची प्रगती बघा." शेजारचा म्हातारा त्याच्याकडे आदरानं बघे. साहेबरावाला जमिनीत शिरावंसं वाटे, पण बाकातून उठणंच अवघड होतं, शिरणं लांब.

बातमी वस्तीत पोचलीच. शेजारीण भिमाबाईला म्हणाली, "तुमचे मालक पाटी घेऊन बसलेले दिसले, आकुर्डीला."

"मग मला रोज पेपर वाचून दावत्यात, ते काय पाठ केल्यालं असतंय?" भिमाबाई म्हणाली. पण नवऱ्याला तिनं काही विचारलं नाही. ओव्हरटाइमहून घरी येणारा नवरा आताशा शुद्धीत येत होता. गुरुवारचा तरी. कारण काय का असेना.

पुढच्या गुरुवारी सुहासिनीबाई म्हणाल्या, "आज प्रत्येकानं मनानं एक वाक्य लिहायचं." कुणी 'आई घरी ये' लिहिलं, कुणी नुसतं नाव लिहिलं. साहेबराव पेन्सील धरून बसला. शेजारच्या खोलीत कुणीतरी हसलं. त्यानं पाटीवर लिहिलं, मी दारू पितो. आणि पाटी बाईंपुढं धरली.

बाईंनी वाचलं. चष्मा वर सरकवला. "अक्षर चांगलं आहे," म्हणाल्या. "खोली चुकलीय. शेजारची."

साहेबराव बाकातून अर्धवट उठला. "बाई, तुमास्नी कधी..."

"पहिल्याच दिवशी. खरा शिकणारा 'अ' काढताना जीभ बाहेर काढतो. तुमची आत होती."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. आणि खरं सांगू? इन्स्पेक्शन होतं. वर्गात माणसं कमी भरत होती." बाईंनी पाटी फडक्यानं पुसली. "तुम्ही पहिले नाही. त्या खोलीतली निम्मी माणसं माझ्याकडे बाराखडी करून गेलीत."

दुसऱ्या खोलीच्या दारात साहेबरावाचे पाय परत थबकले, कारण समोरच्या बाकावर मधुसूदन सबनीस बसले होते. त्याच्याच कारखान्यातले सुपरवायझर. हेच सबनीस फर्स्ट शिफ्टला गेटवर उभे राहायचे आणि येणाऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. साहेबरावाला त्यांनी दोनदा घरी पाठवलं होतं. नाक असं, की आदल्या रात्रीचीसुद्धा सुटायची नाही. सगळे कामगार म्हणायचे, बामण असून याला एवढं कळतं कसं? ते आता कळलं.

"या, साहेबराव," सबनीस म्हणाले. कारखान्यात ते त्याला नुसतं आडनावानं हाक मारायचे. "इथं कुणी कुणाचं तोंड हुंगत नाही. बसा."

तिथं कुणी भाषण केलं नाही की शपथ घ्यायला लावली नाही. एकेक जण आपापलं सांगत होता. कोंडीराम म्हणून एक म्हातारा ट्रकवाला होता, चाकणच्या बाजारातून कांदा न्यायचा. त्यानं एकदा कांद्याचा भरला ट्रक नाशिकला न्यायचा तो सासुरवाडीला नेला होता, हे तो असं सांगत होता की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. साहेबरावाची पाळी आली. त्यानं खोकल्याचं सांगितलं. सगळं. मूठ, मान, नीलाचा पांढरा फ्रॉक, गुलाल.

खोली हसली. वस्तीतला मांडव हसला होता तशी नाही. यांच्यातल्या प्रत्येकाचा कुठला ना कुठला खोकला होता.

"लग्न वैशाखात हाय," साहेबराव म्हणाला. "तवर पाचवं म्हनायच्या लायकीचा झालो पायजे. कसं व्हायचं ते सांगा."

"आज घेतलीस?" कोंडीरामानं विचारलं.

"न्हाई."

"मग आज तू लायक हाईस. आज म्हन."

"आज लग्न न्हाई."

"मग आज नगं म्हनू," कोंडीराम म्हणाला. "पर प्यू बी नगं. उद्याचं उद्या इचार."

हे साहेबरावाला फारच किरकोळ वाटलं. एवढ्याशासाठी बसचं तिकीट काढून यायचं? पण दुसऱ्या दिवशी तो सरूबाईच्या टपरीवरून गेला तेव्हा तेच मनात आलं, आज नको. आणि आज म्हणता म्हणता फाल्गुन गेला, चैत्र आला.

चैत्रात तो पडला. लेथवरच्या सोबत्याला मुलगा झाला, सगळे टपरीवर गेले, आणि ग्लास हातात आला तेव्हा ते 'आज नको' कुठं गेलं ते कळलं नाही. घरी आला तेव्हा नीला लग्नातल्या पांढऱ्या साडीला काठ लावत बसली होती. तिनं वर पाहिलं, सुई थांबली. उठून त्याचं ताट वाढलं आणि स्टोव्हशेजारची रॉकेलची बाटली उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली, जेवताना त्याला पाठ करून बसावं लागू नये म्हणून. म्हणजे पोरीला तेही माहीत होतं. साहेबराव ताटावर मान घालून जेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. शाळेच्या दारात सबनिसांनी जुन्या सवयीनं श्वास आत ओढला आणि मग स्वतःच ओशाळले. "कालची," म्हणाले. "आजची नाही ना?"

"आजची न्हाई."

"मग बाहेर काय उभे? आत या."

त्या दिवशी साहेबराव आत जाऊन नुसता बसला. घरी आल्यावर नीलाला म्हणाला, "मारुतरावांना निरोप धाड. ते म्हनतील शीलं."

"धाडलाय," नीला म्हणाली. "ते येऊन बसतील. पण आधी तुम्ही उभं राहायचं. जमलं तर ठीक. नाही जमलं तर ते आहेत."

लग्नही गुरुवारी धरलं, सुट्टी बघून. मांडवात मेणबत्त्या, उदबत्त्या, दोन तसबिरी, हार. मारुतराव पुढच्या खुर्चीत घसा साफ करून तयार बसलेले. वस्ती सगळी आलेली, सरूबाईसुद्धा, मागच्या रांगेत, नवं लुगडं नेसून.

साहेबरावानं सुरुवात केली. पहिलं, दुसरं. मांडव मागून म्हणत होता. तिसरं. चौथ्याला त्याला पाटी आठवली, वाकडा काना आठवला, तरी चौथं सरळ गेलं. मग तो थांबला. श्वास घ्यायलाच थांबला होता. मूठ खालीच होती, मान सरळ होती.

आणि सगळा मांडव खोकला.

पुढच्या पोरांनी मुठी तोंडाशी नेल्या, माना डावीकडे वळवल्या आणि ती मनोभावे दोनदा खोकली. म्हातारे खोकले, बाया पदराआडून खोकल्या. सवयीला कोण काय करणार. सर्वांत मोठा खोकला मागच्या रांगेतून आला, सरूबाईचा. चिंचवडच्या पाहुण्यांना वाटलं उदबत्तीचा धूर झाला. एकानं उठून कनात वर केली.

साहेबराव ऐकत उभा राहिला. एवढी वर्षं तो समजत होता की खोकला आपला आहे. आपल्यापुरता आहे. आणि इथं ज्यांनी घोटभर चहापलीकडे काही प्यायलं नाही अशी पोरं त्याचा खोकला घेऊन बसली होती. बापानं त्याला एक बाटली दिली होती, ती रॉकेलची. त्यानं वस्तीला हे दिलं होतं.

मारुतरावांनी खुर्चीतून जरा पुढं सरकून त्याच्याकडे पाहिलं. साहेबरावानं नीलाकडे पाहिलं. ती समोर बघत होती, पण तिचे ओठ आधीच उघडलेले होते, त्याच्यामागून म्हणायला.

आज घेतलेली नाही, साहेबरावानं मनाशी तपासलं. आजचं विचारलं तर आज नाही.

त्यानं पाचवं शील म्हटलं. आवाज पितळेचा निघाला नाही, फाटका निघाला. मांडवानं मागून म्हटलं, जरा चाचरत, कारण खालच्या पट्टीत म्हणायची सवय आणि हा वरच्या पट्टीत होता. नीलाचं म्हणणं त्याला वेगळं ऐकू आलं. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आईला मोठ्यानं म्हणाली, "आई, ते खोकायचं विसरले."

जेवणं झाली, वरात चिंचवडच्या वाटेला लागली. सोबती येऊन खांद्यावर हात टाकून म्हणाले, "राव, सुटलास. पोरगी उजवली, शील म्हटलं. आता काय हरकत हाय?" टपरी जवळच होती. साहेबरावालाही क्षणभर वाटलं, खरंच, ज्याच्यासाठी केलं ते तर झालं.

त्यानं बुंदीचं एक पुडकं उचललं आणि लग्नाच्या पांढऱ्या सदऱ्यानिशीच बस धरली. भिमाबाईनं दारातून विचारलं, "ओव्हरटाइम?"

"न्हाई," साहेबराव म्हणाला. "आकुर्डीला चाललोय. शाळेत."

"पाटी घेतली का?" भिमाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसत होती की कसं, ते त्याला कळलं नाही.

अर्धी बुंदी त्यानं सुहासिनीबाईंच्या वर्गात वाटली. म्हाताऱ्यानं विचारलं, "पास झाला वाटतं?" मग तो शेजारच्या खोलीत जाऊन गुडघे छातीशी घेऊन बसला. सबनिसांनी वास घेतला नाही, बुंदी घेतली.

"म्हटलं," साहेबराव म्हणाला. "आज म्हटलं पाचवं."

"बेस झालं," कोंडीराम बुंदी चघळत म्हणाला. "आन उद्या?"

साहेबराव खोकला.